देणे कोणते आणि भेट कोणती

शहापूर, बेळगाव
रविवार, रात्री

प्रिय प्रकाश,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र शुक्रवारी हाती आले. पत्र दोनदा वाचले आणि त्याला जोडलेली यादी त्याहून अधिक वेळा वाचली. चार वर्षांचे नाते संपले, ते तिने संपवले, आणि संपवतानाही तुझ्याविषयी वावगा शब्द काढला नाही, असे तू लिहितोस. त्याच्या पुढच्याच ओळीत तू लिहितोस की, तिच्याकडून आलेल्या अकरा गोष्टींची किंमत काढून ६१,४०० रुपये, काही पगारातून आणि काही उसने घेऊन, तिच्या खात्यात भरणार आहेस, म्हणजे तिचे तुझ्यावर काहीच राहणार नाही. तू माझे मत विचारलेस म्हणून स्पष्ट लिहितो. ही सगळी रक्कम तू भरू नयेस. त्यातले १९,५०० रुपये मात्र याच आठवड्यात भरावेस.

आधी त्या १९,५०० विषयी. तुझी नोकरी गेली तेव्हा तीन महिने तुझ्या खोलीचे भाडे तिने भरले, दरमहा ६,५००. 'नोकरी लागली की दे, घाई नाही,' असे ती म्हणाल्याचे तूच मला त्या दिवशी फोनवर सांगितले होतेस आणि सांगताना तुझा आवाज भरून आला होता. 'दे' हा शब्द ज्या पैशाबरोबर आला तो पैसा हातउसना. तिने नंतर कधी विषय काढला नाही म्हणून त्याची भेट झाली नाही, आणि नाते तिने मोडले म्हणून ते देणे फिटलेही नाही. कायद्याने हातउसन्या पैशांच्या दाव्याला साधारणपणे पैसे दिल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. तुझ्या बाबतीत ती उलटलीही असेल, पण अशा मुदतीच्या आडोशाला उभा राहणारा तू नव्हेस, हे मी शाळेपासून जाणतो. पैसे भर आणि सोबत एकच ओळ लिही, की खोलीभाड्याचे पैसे परत करायला उशीर झाला. त्या ओळीत दुसरे काही घालू नकोस.

आता उरलेल्या दहा गोष्टी. इथे मला तुझा हेतूच पटत नाही. यादीत तिसऱ्या क्रमांकावर तू लिहिले आहेस: 'स्वेटर, १,२००.' म्हणजे लोकरीचा भाव धरलास. तो स्वेटर मी पाहिला आहे. महाशिवरात्रीला पहाटे आपण दोघे कपिलेश्वराच्या रांगेत उभे होतो तेव्हा तो तुझ्या अंगात होता, त्याची डावी बाही उजवीपेक्षा बोटभर लांब होती, आणि ती बाही दुमडत तू मला सांगितलेस की तिने आयुष्यात विणलेली ही पहिलीच वस्तू आहे. त्या स्वेटरचे १,२०० रुपये जेव्हा तिच्या खात्यात जमा होतील तेव्हा तिला काय कळेल, याचा विचार कर. तिने प्रेमाने दिले ते तू कर्ज म्हणून घेतले होतेस, एवढेच तिला कळेल. आणि ते खरे नाही, प्रकाश. तू ते कर्ज म्हणून घेतले नव्हतेस.

या यादीत काय नाही, तेही मी पाहिले. तुला टायफॉइड झाला तेव्हा ती दवाखान्यात बाकावर बसून राहिली, त्या रात्री यादीत नाहीत. तुझा अर्ज तिने चार वेळा नव्याने लिहून दिला, तोही नाही. तू दर सुट्टीनंतर इथून तिच्या घरी कुंदा नेत होतास, त्याचा उलटा हिशेब तू धरलेला नाहीस, आणि धरला असतास तर मला फार वाईट वाटले असते. जिला किंमत लावता आली तेवढीच गोष्ट यादीत आली. मग ६१,४०० भरल्यावर 'काही राहिले नाही' हे तू कशाच्या बळावर म्हणणार?

आपल्याकडे दिलेले परत करण्याची रीत नाही असे नव्हे, उलट ती फार पक्की आहे, आणि कदाचित त्यामुळेच तुझा गोंधळ झाला असावा. आमच्या आईची आहेराची वही तू पाहिली आहेस. लाल कापडी पुठ्ठ्याची, कडेला दोरा ओवलेली. माझ्या मुंजीपासूनच्या नोंदी तिच्यात आहेत: अमुक मावशी, स्टीलचा डबा; तमुक काका, रोख ५१. १९५६ साली आपला भाग म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड पलीकडे मुंबई राज्यात राहिले, पण त्या वहीत चंदगडची पाने आणि खानापूरची पाने अजून एकामागून एक आहेत. त्या घरी कार्य निघाले की आई पान उघडते, ५१ चे १०१ करते आणि मगच लग्नाला निघते. तो आहेर फेडायचाच असतो, कारण तो एका घराने दुसऱ्या घरी ठेवलेला असतो, आणि देणाऱ्याघेणाऱ्या दोघांना ते पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. तिने तुला घड्याळ दिले तेव्हा तिच्या घरी अशी वही नव्हती. एकट्या तिने एकट्या तुला दिले. आहेराची रीत इथे लावणे म्हणजे तिच्या देण्याला न दिलेला अर्थ चिकटवणे आहे.

कायदाही याच बाजूचा आहे. माझ्या ओळखीच्या एका वकिलांना, तुझे नाव न घेता, मी विचारले. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम १२२ आहे: आपखुशीने, मोबदल्याशिवाय दिलेली आणि समोरच्याने स्वीकारलेली वस्तू म्हणजे बक्षीस. घर किंवा जमीन असेल तर नोंदणी केलेले बक्षीसपत्र लागते, पण घड्याळ, मोबाइल, दागिना यांना कागद लागत नाही, हातात दिले की ते पुरे होते. पुढे कलम १२६ सांगते की देणाऱ्याचे नुसते मन फिरले म्हणून बक्षीस परत घेता येत नाही. फसवून किंवा धाक घालून घेतले असेल, किंवा अमुक घटना घडली तर परत करायचे असे दोघांत आधीच ठरले असेल आणि ती घटना देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून नसेल, तरच गोष्ट वेगळी. म्हणजे तिने मागितले असते तरी तू बांधलेला नव्हतास. आणि तिने तर मागितलेलेच नाही.

पण हेच कलम उलट्या बाजूनेही लागू होते, आणि त्याविषयी तू पत्राच्या शेवटी अगदी एका ओळीत लिहिले आहेस: आजीच्या सोन्याच्या कुड्या. काकूंनी त्या स्वतःच्या हाताने तिच्या तळहातावर ठेवल्या, 'आता या तुझ्या,' म्हणाल्या. कायद्याने त्या तिच्या झाल्या. लग्न झाले तरच ठेव, असे कोणी बोलले नव्हते. तरीही काकूंच्या मनात सून होती हे तिलाही माहीत होते आणि तुलाही, म्हणून या एकाच वस्तूविषयी माझे मत बाकीच्यांपेक्षा निराळे आहे.

आमच्या आक्काचा साखरपुडा मोडला तेव्हाचे तुला आठवत असेल, आपण नववीत होतो. दोन्हीकडची थोरली माणसे आमच्या सोप्यात बसली. त्यांच्याकडून आलेली अंगठी आणि चांदीचे ताट आम्ही परत केले, आमच्याकडून गेलेले घड्याळ त्यांनी रुमालात बांधून आणले. शेवटी साडी राहिली. ती इथेच शहापुरात विणलेली, जांभळ्या रंगाची, आणि आक्काने ती साखरपुड्याच्या दिवशी नेसलेली होती. आईने ती घडी घालून पुढे केली तेव्हा त्या मुलाच्या आईने हात मागे घेतला आणि म्हणाल्या, 'नेसलेलं लुगडं लेकीचं असतं, ते राहू द्या.' आक्का ती साडी पुढे अनेक वर्षे नेसली. त्या बाईंविषयी आमच्या घरात आजही आदराने बोलतात. तिथे कोणी कलम काढले नाही. जे घराण्याचे ते घराण्याकडे गेले, जे अंगाला लागले होते ते जिचे तिच्याकडे राहिले, आणि कोणाचाही अपमान झाला नाही.

कुड्या घराण्याच्या आहेत. म्हणून त्या मागाव्यात असे मला वाटते, पण हक्क म्हणून नव्हे, आणि तू तर मुळीच मागू नयेस. तुझ्या तोंडून ती मागणी गेली की ती वसुली होईल. काकूंनी तिला एक फोन करावा, आधी ती कशी आहे हे विचारावे, आणि मग सांगावे की त्या सासूबाईंच्या आठवणीच्या आहेत. मला त्या मुलीचा जेवढा अनुभव आहे त्यावरून ती स्वतः आणून देईल. नाही दिल्या, तर तो विषय तिथेच सोडायचा आणि घरात पुन्हा काढायचा नाही, हे काकूंकडून आधी कबूल करून घे.

घड्याळ आणि बाकीच्या वस्तू वापरवत नसतील तर खोक्यात भरून आमच्याकडे पाठव, आमच्या माळ्यावर जागा आहे. कोणाला देऊन टाकू नकोस आणि रागाच्या भरात मोडूही नकोस. तुला त्या वस्तूंचा राग नाही, ती गेली याचे दुःख आहे, आणि ६१,४०० भरून ते दुःख रुपयाभरही उतरणार नाही, याची मला तुझ्यासाठी फार काळजी वाटते. त्यासाठी उसने पैसे तर काढूच नकोस.

मी पुढच्या रविवारी खानापूरला एका बारशाला जाणार आहे. परतताना तुमच्या घरी थांबून काकूंशी कुड्यांविषयी बोलू का, एवढे शनिवारपर्यंत फोन करून सांग. तुझी परवानगी नसेल तर नुसता चहा घेऊन परत येईन. आणि १९,५०० भरलेस की तेही कळव.

तुझाच,
विठ्ठल