ओटा फोडू नका, उतरवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पाडव्यानंतर बेळगावच्या शहापूर, वडगाव, अनगोळ भागात जुनी घरे दुरुस्तीला निघतात. गवंडी वेळेवर मिळत नाही, म्हणून रविवारी मित्र गोळा करून जुने स्वयंपाकघर आपणच काढायचे असे अनेकजण ठरवतात. जरूर ठरवावे. पण घण हातात आला की प्रत्येकाला आधी ओटाच फोडायचा असतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

आधी सिलिंडर रेग्युलेटर काढून, टोपी लावून घराबाहेर न्यावा. पाइपचा गॅस असेल तर कंपनीचा माणूस आल्याशिवाय हात लावू नये. मेन बंद केला म्हणजे वीज गेली असे नव्हे. इन्व्हर्टरची लाइन वेगळी असते आणि ती टाइल्सच्या मागे जिवंत राहते. तोही बंद करून प्रत्येक पॉइंट टेस्टरने पाहावा, आणि त्याआधी टेस्टर चालतो का हे चालू बोर्डावर पाहून घ्यावे. जुना चिनी मातीचा फ्यूज असेल तर काढून खिशात ठेवावा, म्हणजे चहा करायला कोणी परस्पर लाइट चालू करणार नाही.

टाकीचा जुना गेट व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, जोर लावला तर दांडाच तुटतो. त्यापेक्षा टाकी रिकामी करावी. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपचा नळ काढताना एका पान्याने पाइप धरावा आणि दुसऱ्याने नळ फिरवावा. एकाच पान्याने पिळले तर भिंतीतला गंजलेला आटा तुटतो आणि भिंत फोडावी लागते. नळाच्या जागी टेफ्लॉन टेप गुंडाळून अर्ध्या इंचाचा प्लग बसवावा.

मग वरून खाली यावे: फळ्या, मांडणी, सिंक, ओटा, शेवटी टाइल्स. सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दीड इंच जाड कडप्प्याचे, म्हणजे ओट्याच्या काळ्या फरशीचे, वजन 115 किलोच्या आसपास भरते. भिंतीकडचा सांधा छन्नीने मोकळा करून पहारीने हळूहळू उचलावे. चौघांनी तो आडवा नव्हे, कडेवर उभा धरून न्यावा. आडवा धरला की स्वतःच्याच वजनाने सिंकच्या खाचेपाशी मोडतो, आणि मोडतो तो पायावर. चपला घालून आलेल्या मित्राला गोण्या भरायला बसवावे. अखंड उतरलेला कडप्पा परसात कपडे धुवायला वर्षानुवर्षे चालतो.

मोरीची जाळी काढताक्षणी पाइपच्या तोंडात चिंधीचा बोळा कोंबावा आणि त्याला बांधलेली सुतळी बाहेर ठेवावी. हे राहिले की खडी चेंबरपर्यंत जाते, आणि दोन महिन्यांनी शिव्या नव्या प्लंबरला बसतात.

जांभ्याच्या, मातीत बांधलेल्या भिंतीवर हॅमर ड्रिल चालवूच नये. हादऱ्याने सांधे सुटतात आणि शेजाऱ्याच्या सामाईक भिंतीला तडे जातात. तिथे छन्नी-हातोडाच बरा. दगडी पोटमाळा भिंतीत रुतलेला असतो. वरची भिंत कशावर उभी आहे हे जाणकाराने पाहिल्याशिवाय तो काढू नये. छपराला जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यात बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस, म्हणजे फुप्फुसाला घातक तंतू, असते. ते फोडू नयेत. पाणी मारून, हुक सोडवून अख्खे उतरवावेत. टाइल्सही ओल्या करूनच काढाव्यात. टाइल्सच्या धुळीला रुमाल पुरत नाही, एन-95 मास्क हवा. डोळ्यांना चष्मा हवा, कारण टाइलचे तुकडे काचेसारखे उडतात.

दहा बाय दहाच्या खोलीची फरशी आणि चार फुटांपर्यंतच्या टाइल्स काढल्या, तर गिलाव्यासकट सुमारे अडीच टन राडारोडा निघतो. सिमेंटची गोणी निम्मीच, म्हणजे 25 किलो भरावी. गच्च भरलेली जिन्यात फाटते. अशा शंभर गोण्या होतात, ‘छोटा हत्ती’ टेम्पोच्या चार खेपा. गाडी आदल्या दिवशीच ठरवावी. आणि हो, दुपारचे जेवण बाहेरून मागवावे, कारण त्या दिवशी घरात स्वयंपाकघर नसते!

गाडी न ठरवल्यास ढीग गटारीच्या कडेला पडतो. केंद्रीय नियमांनुसार असा कचरा रस्त्यावर वा गटारात टाकता येत नाही, तो स्थानिक संस्थेने नेमलेल्या ठिकाणीच न्यावा लागतो. जूनच्या पहिल्या सरींत हीच माती गटारांतून बळ्ळारी नाल्यात उतरते, आणि नाला तुंबला की पाणी वडगाव, येळ्ळूर शिवारातल्या भातात शिरते.

आपला,
एक वाचक, खासबाग, बेळगाव