बिकिनीचं खारं पाणी

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

बिकिनी या पॅसिफिकमधल्या प्रवाळबेटावर अमेरिकेनं 1946 मध्ये अणुबॉम्बच्या चाचण्या केल्या. तिथल्या खलाशांच्या आठवणी वाचून तू विचारलंस, की स्फोटाच्या वेळी माणसं मैलोगणती लांब होती तर त्यांना किरणोत्सर्ग बाधला कसा? उत्तर नंतरच्या साफसफाईत आहे.

1 जुलै 1946 चा ‘एबल’ नावाचा बॉम्ब विमानातून टाकला, तो 158 मीटर उंचीवर फुटला. खलाशी पाठमोरे, डोळ्यांवर हात धरून उभे होते. किरणोत्सर्गी माल बहुतेक ढगाबरोबर वर गेला. 25 जुलैचा ‘बेकर’ मात्र एका छोट्या जहाजाखाली टांगून 27 मीटर खोल पाण्यात उडवला. लाखो टन पाणी उसळून खाली कोसळलं आणि तुषारांची भिंत चाचणीसाठी नांगरून ठेवलेल्या जहाजांवरून फिरली. बॉम्बमधल्या सुमारे 6 किलो प्लुटोनियमपैकी जेमतेम किलोभराचं विखंडन झालं, म्हणजे तेवढ्याचेच अणू फुटले. उरलेलं त्याच पाण्यात मिसळलं.

मग सुरू झालं त्या जहाजांचं धुणं. आधी फायरबोटींचे फवारे आणि फेस, नंतर ब्रश, साबण, कॉस्टिक सोडा. पण किरणोत्सर्गी कण लाकडी डेकच्या रेषांत, दोरांच्या पिळांत, गंजात, रंगाच्या पापुद्र्यांत मुरले होते. घासून वरवरचं निघे. मुरलेलं काढायचं तर रंग खरवडावा, लाकूड तासावं लागे, आणि ती धूळ नाकातोंडात जाई. उकाड्यात पोरं अर्ध्या चड्डीत, उघड्या अंगानं राबत होती, याचा मला आजही संताप येतो. माणसानं दिवसाला 0.1 रॉन्टजेन (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) एवढाच मारा घ्यावा, अशी मर्यादा होती. सुरुवातीला कित्येक डेकवर ती काही मिनिटांतच भरे.

त्यात गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र, दाखवायचा फक्त बीटा आणि गॅमा या प्रकारचे किरण. प्लुटोनियमचे अल्फा कण त्यावर दिसतच नव्हते. म्हणजे काटा उतरला तरी डेक सुरक्षित म्हणता येत नव्हतं. हे लक्षात आल्यावर किरणोत्सर्ग सुरक्षेचे प्रमुख स्टॅफर्ड वॉरन यांनी आग्रह धरला आणि 10 ऑगस्टला काम थांबलं.

तू इंजिनरूमचा माणूस, म्हणून हे मुद्दाम लिहितो. ज्या जहाजांवर तुषार पडलेच नाहीत, तीही बाधली. लगूनमधलं, म्हणजे प्रवाळबेटाच्या कड्यातलं पाणी कंडेन्सर (वाफ थंड करणारं यंत्र) आणि इव्हॅपोरेटर (खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करणारं यंत्र) यांमधून फिरत होतं. नळ्यांत क्षार धरतो ना, त्या थरात किरणोत्सर्ग साचत गेला. बुडाला चिकटलेलं शेवाळ आणि शंखशिंपलेही तो शोषून घेत होते. पुढे नळ्या ॲसिडनं धुवाव्या लागल्या, बुडं सँडब्लास्ट करावी लागली.

जहाजांवर ‘प्री-वेटिंग’चे, म्हणजे आधीच भिजवून ठेवायचे फवारे असतात, त्यांमागचा विचार हाच: कण बसायच्या आधीच सगळं जहाज ओलं ठेवायचं, म्हणजे ते मुरण्याआधी वाहून जातात. 1954 च्या ‘कॅसल’ चाचण्यांत दोन जहाजं मुद्दाम पडत्या किरणोत्सर्गी राखेखालून नेली, एकावर फवारे होते, दुसऱ्यावर नव्हते. फवाऱ्यांचं जहाज कितीतरी स्वच्छ निघालं. तुमच्याकडे याची कवायत होते तेव्हा फवारा घ्यायचं पाणी कुठून येतं आणि डेकवरून वाहून नेमकं कुठे जातं, ते एकदा बघून मला कळव.

तुझा,
अनंत