फडात पाणी पाटकरीच सोडायचा

संपादक साहेब, शेतकऱ्यांनी मिळून सिंचनाचं पाणी वाटून घ्यायच्या पाणी वापर संस्थांचा विषय निघाला की सगळे त्यांच्यासाठीच्या २००५ च्या कायद्यापासून सुरू करतात, पण आमच्या पांझरा, मोसम काठी फड पद्धत शेकडो वर्षं चालत आली ती कुणाला आठवतच नाही. फड म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्यावरच्या शेतांचा एक गट. एका फडात सगळ्यांचं एकच पीक, आणि पाणी शेतकऱ्याने स्वतः घ्यायचंच नाही, गावाने नेमलेला पाटकरी वाफ्या-वाफ्यात सोडणार, मग भांडायचं कशावर? पाणी कमी असलं तर सरळ एखादा फड पडीक ठेवायचे. आता आमच्याकडे संस्था कागदावर आहे, मीटिंगला चार डोकी, आणि रात्री ज्याची मोटर मोठी त्याचं पाणी! पाटकरी तरी नेमा राव.

– एक शेतकरी, ता. साक्री