सव्वीस वेळा

प्रिय अव्या,

दोन वर्षं पत्र नाही, फोन नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. माझी शुगर आटोक्यात आहे, गुडघे तसेच. वहिनींची बदली झाली का? धाकटीला बंगलोर मानवलं?

आता खरं कारण. चिन्मय हजेरीला 'प्रेझेंट' म्हणताना 'प'वरच अडतो, म्हणून नुसता हात वर करतो. नव्या बाईंचं लक्ष नव्हतं. मंगळवारी पोरगं वर्गात बसून गैरहजर लागलं. घरी येऊन ते सांगताना पुन्हा 'प'वर अडला, आणि मी शब्द पुरा करून दिला. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, अव्या! एसटीच्या खिडकीवर तुझं 'क' लांबलं आणि मी 'कराड' म्हणून मोकळा झालो, तेव्हा तू पाहिलं होतंस तसं. तुला जायचं होतं कोल्हापूरला. चार दिवस बोलला नाहीस. (पैसे मात्र माझ्याकडून वसूल केलेस.)

रात्री त्याला आपला तो अमेरिकन गायक, बिल विदर्स लावून दिला. हो, ती कॅसेट माझ्याकडेच आहे. 'एन्ट नो सनशाइन'मध्ये तो 'आय नो, आय नो' सुरू झाला तसं पोरगं म्हणालं, "बाबा, हा पण अ-अडकला?" नंद्याने टेप अडकला म्हणून डेकला थापट्या मारल्या होत्या, आठवतं?

मग सगळं सांगत बसलो. वेस्ट व्हर्जिनियातल्या स्लॅब फोर्क नावाच्या कोळसाखाणीच्या गावात 1938 साली जन्म, बाप लवकर गेलेला, जीभ लहानपणापासून अडणारी. नऊ वर्षं नौदलात. 1967 मध्ये लॉस एंजेलिसला आला आणि कारखान्यात विमानातल्या संडासाच्या सीट बनवायला लागला. इथे चिन्मय खो खो हसला. पहिला अल्बम 1971चा, तोवर हा बत्तिशी ओलांडलेला. कव्हरवर डबा हातात धरून उभा आहे, तो फोटोही जेवणाच्या सुट्टीतला. पुढच्याच वर्षी 'लीन ऑन मी' अमेरिकेत पहिल्या नंबरावर.

ते 'आय नो' सव्वीस वेळा आहे. तिथे तो आणखी शब्द लिहिणार होता. पण अल्बमचा निर्माता बुकर टी. जोन्स आणि बाकीचे वादक म्हणाले, राहू दे असंच. एवढी मुरलेली माणसं, पण कुणी 'कराड' म्हणालं नाही.

मला खातंय ते वेगळंच. त्याचं अडखळणं अठ्ठाविसाव्या वर्षी सुटलं म्हणे. चिन्मय तेरा वर्षांचा. म्हणजे अजून पंधरा वर्षांची हजेरी! थेरपिस्ट बाई चांगल्या आहेत, पण त्या कधी अडखळलेल्या नाहीत.

आणि माणूस हट्टी बघ. रेकॉर्ड कंपनीतल्या एकाने त्याला एल्विसचं गाणं गायला सुचवलं, त्याचा राग त्याने शेवटपर्यंत धरला. 1985च्या अल्बमनंतर नवा अल्बम काढलाच नाही. तुझ्यासारखाच. 30 मार्च 2020ला गेला. लॉकडाऊनमध्ये बातमी वाचून तुझा नंबर काढला, आणि काय बोलायचं ते न सुचून फोन खाली ठेवला.

रविवारी दुपारी फोन कर. मी उचलणार नाही, चिन्मय उचलेल. 'हॅलो'ला त्याला वेळ लागतो. तू ठेवणार नाहीस.

तुझा,
बाळ्या