त्या डोंगरवाडीच्या बायकांना

२२ जुलै २०२१. चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी चढलं, तेव्हा आम्ही शेजारच्यांच्या माळ्यावर होतो. पाणी ओसरल्यावर घरात आले, तर रेशनचे तांदूळ चिखलात फुगलेले, सिलिंडर भिंतीला आडवा. कोरोनात यांचं काम आधीच सुटलेलं, त्यामुळे डब्यात फार काही नव्हतंच म्हणा.

मदतीचे टेम्पो हमरस्त्यावर थांबायचे. जो पळेल त्याला पाकीट. सासूबाईंना आणि दोन पोरांना सोडून मी कुठे पळणार?

तिसऱ्या दिवशी गुडघाभर चिखल तुडवत चौघी आमच्या गल्लीत आल्या. वरच्या कुठल्याशा वाडीतल्या, बचत गटाच्या. डोक्यावर टोपली, जुन्या लुगड्यात बांधलेल्या तांदळाच्या भाकऱ्या, किटलीत कुळथाची पिठी. मी सवयीनं सगळ्यांना वाढलं. त्यांतली वयस्कर मावशी बघत होती. म्हणाली, "आणि तू गो?"

"मी मागाहून."

"मागाहून काय उरतंय ते मला ठाव हाय." माझ्या हातातली टोपली काढून घेतली, मला पायरीवर बसवलं आणि भाकरी संपेपर्यंत समोरून हलली नाही. लॉकडाऊनपासून मी अर्ध्या भाकरीवर भागवत होते, हे घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्यासुद्धा.

पुढे आठवडाभर त्या रोज आल्या. नावं विचारायची राहिली. मावशी, तुमचं लुगडं धुऊन, घडी घालून ठेवलंय.