शहराचं नाव नको, पत्ता वाच

मॅथ्यूज, नॉर्थ कॅरोलायना
नोव्हेंबर २०२५

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

दोन्ही ऑफर लेटरचे फोटो मिळाले. तुझी आई पगाराच्या आकड्यापाशी थांबली, मी पत्त्यापाशी. अटलांटाच्या ऑफिसचा पत्ता मिडटाउनचा आहे, आर्ट्स सेंटर स्टेशनच्या जवळचा. नॅशव्हिलच्या पत्रावर मोठ्या अक्षरात नॅशव्हिल आहे, पण खाली बारीक अक्षरात कूल स्प्रिंग्ज, फ्रँकलिन. मनू, ते नॅशव्हिल नाही. ती शेजारची विल्यमसन काउंटी, म्हणजे वेगळा जिल्हा आहे. हा फरक क्षुल्लक वाटत असेल तर पुढचं वाच. तुला कंटाळा येणार हे धरूनच लिहितोय.

परवा जेवायला जमलो होतो तेव्हा जुना वाद निघालाच, आपलं शार्लट मोठं की अटलांटा. २०२०च्या जनगणनेत शार्लट ८,७४,५७९ आणि अटलांटा ४,९८,७१५, म्हणून आपल्यातले काही जण खूश. अरे, पण अटलांटाची हद्दच लहान आहे. भोवतालचा सगळा पसारा धरला तर तिकडे साठ लाखांवर माणसं राहतात. नॅशव्हिलने तर १९६३मध्येच शहर आणि डेव्हिडसन काउंटी एकत्र करून टाकली, म्हणून ते कागदावर ऐसपैस दिसतं. रेघ कुठे मारली यावर मोठेपण ठरतं. आकड्यांवरून भांडणाऱ्यांना भांडू दे, तू रेघ बघ.

अटलांटाची मार्टा रेल्वे १९७९पासून धावते. ३८ स्टेशनं आहेत आणि थेट विमानतळाच्या इमारतीतून गाडी मिळते. दक्षिणेत एवढं फार थोड्या शहरांकडे आहे. पण १९७१च्या मतदानात फुल्टन आणि डीकाल्ब या दोनच काउंट्यांनी तिच्यासाठी कर भरायचं कबूल केलं. शेजारच्या ग्विनेट काउंटीने नाही म्हटलं. तेव्हा कारण उघड होतं, शहरातले काळे लोक गाडीत बसून आपल्या वस्तीत येतील ही गोऱ्या उपनगरांची भीती. पुढे ग्विनेट पार बदललं. आपल्या देशी लोकांची घरं, दुकानं, लिलबर्नचं स्वामिनारायण मंदिर, सगळं तिथेच आहे. तरी १९९०, २०१९, २०२० आणि २०२४, चारही वेळा नकारच. तेव्हा अटलांटा घेतलंस तर घर मार्टाच्या रेघेवर घे. 'ग्विनेटमध्ये भाडं कमी आहे, मराठी शेजार आहे' असं कुणी सांगेल. त्या शेजाराचा संध्याकाळचा वेळ हायवेवर जातो, हेही त्याला विचार.

बेल्टलाइनबद्दल तू स्वतःच लिहिलं होतंस. जॉर्जिया टेकच्या एका विद्यार्थ्याने, रायन ग्रॅव्हेलने, १९९९मध्ये प्रबंधात मांडलं की शहराभोवतीच्या जुन्या मालगाड्यांच्या रुळांचं २२ मैलांचं कडं करावं. चालायचा मार्ग बराचसा झाला, त्याच्या कडेने घरं महागली. प्रबंधातली रेल्वे मात्र अजून आलेली नाही. चालायला छान आहे, एवढंच समजून जा.

आता नॅशव्हिल. पगारावर राज्याचा आयकर नाही, हे तुझ्या मैत्रिणीने तुला तीनदा सांगितलंय म्हणे. तिने विक्रीकर सांगितला का? ९.७५ टक्के, आणि किराण्यालाही थोड्या कमी दराने लागतोच. इथे किराण्यावर आपण दोन टक्के देतो. हिशोब करशील तर फायदा राहीलही, पण गाडी, हप्ता, विमा आणि पेट्रोल त्यातूनच वजा कर. कारण कूल स्प्रिंग्जला गाडीशिवाय भाजीसुद्धा मिळायची नाही. लोकल म्हणावी अशी एकच गाडी, तीही पूर्वेला लेबननकडे जाते, म्हणजे तुझ्या ऑफिसच्या दिशेला नाहीच. अ‍ॅमट्रॅक ही लांब पल्ल्याची रेल्वे तर तिथे १९७९पासून नाही.

त्यांचं कौतुकही करतो. २०१८मध्ये ट्रामची मोठी योजना तिथल्या मतदारांनी ६४ टक्क्यांनी पाडली. हे लोक कधी सुधारणार नाहीत असं मी तेव्हा म्हटलं होतं. २०२४मध्ये त्याच मतदारांनी अर्धा टक्का जादा कर जवळजवळ दोन तृतीयांश मतांनी मान्य केला. या वेळी ट्राम नाही, तर बस, जवळजवळ सहाशे सिग्नल आणि ८६ मैलांचे फुटपाथ. फुटपाथसाठी कर मागणारं शहर मला आवडलं. पण तो कर डेव्हिडसन काउंटीत आहे, फुटपाथही तिथेच होणार. तुझं ऑफिस रेघेच्या पलीकडे.

मी हे एवढं का लावून धरतोय? तुझ्या आजीमुळे. २००८मध्ये ती आली तेव्हा तू सात वर्षांची होतीस. सांगलीत एसटीने आणि रिक्षाने एकटी हिंडणारी बाई इथे खिडकीशी बसून राहायची. "रस्त्यावर माणूसच नाही रे, कुणी गेलंय का?" असं तिने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. त्याच हिवाळ्यात बँका कोसळल्या, आपल्या शार्लटची वाकोव्हिया बँक बुडता बुडता विकली गेली आणि लहानमोठ्या कंपन्यांनी माणसं काढली. त्यात मीही होतो. घरी बसून करायचं काय, म्हणून मी तुला आणि आजीला घेऊन ४८५ हायवेजवळच्या स्टेशनवर गाडी लावायचो आणि ब्लू लाइन, म्हणजे शार्लटची लोकल, पकडायचो. ती सुरू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. पंधरा स्टेशनं आजीने पाठ केली. स्केलीबार्कला ती सखीबाग म्हणायची. शेवटच्या सेव्हन्थ स्ट्रीटला उतरून तू मुलांच्या लायब्ररीत जायचीस आणि ती बाहेर बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघायची. तिसऱ्या महिन्यात तिने मला सांगितलं, "आता तू नाही आलास तरी चालेल." तिला इंग्रजी येत नव्हतं, नोकरी मला नव्हती, आणि त्या घरात सगळ्यात मोकळी तीच होती.

म्हणून शार्लट श्रेष्ठ, असं मी म्हणणार नाही. अर्थतज्ज्ञ राज चेट्टींच्या २०१४च्या अभ्यासात गरीब घरातल्या मुलाने वर चढण्याच्या बाबतीत पन्नास मोठ्या शहरी भागांत आपला नंबर पन्नासावा होता. ब्लू लाइनच्या कडेने साउथ एंडला जे टॉवर उभे राहिले, त्यांत त्या गाडीची खरी गरज असलेला माणूस राहू शकत नाही. आणि ऑगस्टमध्ये त्याच ब्लू लाइनवर एका तरुण निर्वासित मुलीचा खून झाला. तू तेव्हा रात्री फोन केला होतास, मला काय बोलावं ते सुचलं नव्हतं. अजूनही सुचत नाही. आजीला आम्ही ते सांगितलेलं नाही.

या महिन्यात आपल्या काउंटीत एक टक्का वाहतूक कराचं मतदान झालं आणि तो निसटत्या बहुमताने मंजूर झाला. यातला ४० टक्के पैसा रस्त्यांना, ४० रेल्वेला, २० बसला. उत्तरेला आपल्याकडच्या डेव्हिडसन गावापर्यंत रेड लाइन होईल, विमानतळाकडे सिल्व्हर लाइन. तीच सिल्व्हर लाइन मॅथ्यूजपर्यंत यायची होती, आता आपल्या वाट्याला बस आली. तरी मी 'हो' म्हणून आलो. तुझ्या आईने 'नाही' म्हटलं, ऑगस्टमुळे. एकाच गाडीतून गेलो आणि एकमेकांचं मत कापून परत आलो.

इथेच एखादी नोकरी बघ, असं आईने मला लिहायला सांगितलंय. लिहिलं. मला विचारशील तर मी अटलांटा म्हणेन, पगार कमी असला तरी. त्यात माझाही स्वार्थ आहे. पंच्याऐंशी नंबरच्या हायवेने चार तासांत तुझ्या दारात येता येतं. नॅशव्हिलला साडेसहा तास, त्यात चाळीस नंबर हायवेचा तो घाट, गेल्या वर्षीच्या हेलीन वादळाने खचलेला. माझे डोळे रात्री आता पूर्वीसारखे नाहीत.

पण माझ्या सांगण्यावर जाऊ नकोस. एक मंगळवार काढ, शनिवार नको. अटलांटाला उतर, विमानतळावरून मार्टाने आर्ट्स सेंटरला जा, ऑफिसपर्यंत चाल, संध्याकाळी दूध-भाजी घेऊन तू बघितलेल्या त्या अपार्टमेंटपर्यंत ये. मग दुसऱ्या मंगळवारी फ्रँकलिनला हेच करून बघ.

आजीला काल फोनवर सगळं सांगितलं. ती आता चौऱ्याऐंशीची, ऐकू कमी येतं. एवढं ऐकून तिने विचारलं, "मनूच्या स्टेशनवर बसायला बाक आहेत का?" बघून तिला कळव. भाजणी आणि मेतकूट वेगळ्या पार्सलने पाठवतोय.

तुझा,
बाबा