लिफ्टमनला लिफ्टमध्येच राहू दे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या अॅनिमेशन फिल्मच्या गोष्टीची सतरा पानं परवा मिळाली. एका बैठकीत वाचली, मग पेन्सिल घेऊन पुन्हा वाचली. फोनवर नुसतं ‘मस्त आहे रे’ म्हणून मोकळं व्हायचं नव्हतं, म्हणून हे पत्र. तुझ्या लिफ्टमनवर माझा जीव जडलाय, आणि त्याच्यासाठीच तुझ्या गोष्टीशी थोडं भांडणार आहे.

आधी हिशेब मांडतो, म्हणजे तो मनातून जाईल. पडद्यावर सेकंदाला 24 फ्रेम्स. एक चित्र दोन फ्रेम्स धरलंस, तर सेकंदाला 12 चित्रं. तुझी फिल्म 14 मिनिटांची, म्हणजे 840 सेकंद, म्हणजे 10,080 चित्रं, तीही पडद्यावर एकच पात्र हलतंय असं धरून. तू तर अकरा पात्रं घेतलीयस. रफ म्हणजे कच्चं चित्र, क्लीनअप म्हणजे त्याच्या पक्क्या रेषा, मग रंग, सगळं धरून माझी दिवसाला पंधरा चित्रं व्हायची, तीही चांगल्या दिवशी. त्या वेगाने 672 दिवस होतात. तुझ्या हातात नऊ महिने आहेत.

पण चौदाची दोन मिनिटं कर म्हणतोय ते या हिशेबापायी नाही. तिसऱ्या पानावर लिफ्ट छप्पर फोडून आकाशात जाते, आणि तिथून पुढे तुझा लिफ्टमन मला सापडेनासा होतो. ढगांतलं राज्य, राजा, सेनापती, लढाई... त्या सगळ्यात त्याच्या जागी शाळकरी मुलगा ठेव, शिंपी ठेव, काही बिघडत नाही. आणि दुसऱ्या पानावर, मधेच, तू एक वाक्य लिहून गेलायस: ‘तो घरीसुद्धा दाराजवळच स्टूल टाकून बसतो.’ मी त्या वाक्याखाली दोन रेघा मारल्यात. तुझी फिल्म मला तिथे दिसते.

माझ्या फिल्ममधल्या म्हातारीचं काय झालं होतं ते तुला कधी नीट सांगितलं नाही. सुरुवातीला माझ्याकडे तिचे चाळीस चेहरे होते. सुरकुत्या, चष्मा, अंबाडा, पुढून-बाजूने-मागून टर्नअराउंड, सगळं असलेली देखणी मॉडेल शीट, म्हणजे पात्र सगळ्या बाजूंनी कसं दिसतं त्याचा तक्ता. आमच्या बाईंनी ती शांतपणे पाहिली आणि विचारलं, “दाराची बेल वाजली तर ही खुर्चीतून कशी उठेल?” मला सांगता येईना. तीन महिने जिला काढत होतो, ती उठते कशी हेच मला ठाऊक नव्हतं.

त्या रात्री फक्त तिचं उठणं काढत बसलो. चेहरा नाही, नुसत्या काड्यांची माणसं. पहिली उठली ती गुडघ्यावर हात ठेवून, कुठल्याही म्हातारीसारखी. दुसरी केस सारखे करून उठली. सातव्या की आठव्या वेळी ती उठायच्या आधी काहीतरी उशीखाली सरकवताना दिसली. काय लपवतेय? स्क्रू ड्रायव्हर! म्हणजे ही बाई घरातल्या वस्तू उघडून बघते, पुन्हा जोडता येत नाहीत म्हणून लपवते. एवढं कळलं आणि मी हौसेने रंगवलेलं तिचं स्वयंपाकघर बाद केलं, कारण त्यातलं काहीच तिचं नव्हतं. तिची खोली आपोआप तयार झाली: बशीत स्क्रू, पाठ उघडलेला रेडिओ, काटे काढलेलं भिंतीवरचं घड्याळ. आणि बेल वाजवणारा कोण, तर शेजारचा मुलगा, तुटकं खेळणं घेऊन आलेला. गोष्ट मी रचली नाही रे, ती त्या उशीखालून निघाली. पात्र, जागा आणि गोष्ट अशा तीन वेगळ्या फायली करून काम करता येतं, यावरचा माझा विश्वास तेव्हापासून उडाला.

तुझ्या मॉडेल शीटवर लिफ्टमनचे डोळे फार सुंदर आलेत, पण त्या डोळ्यांवर तू जरा जास्त भार टाकतोयस असं वाटतं. पिक्सारच्या जॉन लॅसेटरची 1986 सालची छोटी अॅनिमेशन फिल्म ‘लक्सो ज्युनियर’ पुन्हा बघ. जेमतेम दोन मिनिटं, दोन टेबललॅम्प, ना डोळे ना तोंड. तरी लहान कोण आणि मोठा कोण हे क्षणात कळतं. लहान दिवा करताना त्याने मोठ्याला नुसतं आखडलं नाही. दांडे आणि स्प्रिंगा आखूड केल्या, बल्ब मात्र तेवढाच ठेवला. त्यामुळे डोकं मोठं आणि अंग लहान, अगदी बाळासारखं. आणि डिस्नेच्या 1933 सालच्या ‘थ्री लिटल पिग्ज’मधली डुकरं तर दिसायला जवळजवळ सारखीच आहेत, निराळी होतात ती हालचालीने. म्हणून तुझा लिफ्टमन आधी संपूर्ण काळा भर, नुसती आकृती. स्टुलावर बसलेला, एक खांदा दाराकडे झुकलेला, कारण इतकी वर्षं तोच हात दार ओढतोय. रस्त्याने चालतानाही तो खांदा तसाच राहील. घरात दाराजवळ बसणारा माणूस मग न सांगता कळेल.

आता जागेविषयी, कारण तुझं खरं धन तिथे आहे. लिफ्ट जुनी घे, सरकत्या जाळीच्या दाराची, जिच्या भोवतीने जिना चढत जातो. लिफ्ट हलली की प्रत्येक मजल्याचा उजेड जाळीतून पट्ट्यापट्ट्यांनी त्याच्या अंगावरून सरकेल. पात्र स्थिर, तरी पडदा जिवंत. तो स्टुलावर बसलेला, म्हणून कॅमेराही तेवढ्याच उंचीवर ठेव. मग येणारी-जाणारी माणसं कमरेपासून खालीच दिसतील: हात, पिशव्या, छत्र्या, चपला. एकही चेहरा काढावा लागणार नाही. श्रम वाचतात हे आहेच, पण मला त्याहून मोलाचं हे वाटतं की प्रेक्षक त्याच्या जागेवर बसतो.

आणि या जागेचा एक नियम आहे. लिफ्टचा वेग त्याच्या हातात नाही. जाळी पूर्ण लागल्याशिवाय लिफ्ट हलत नाही, म्हणून त्याच्या हातात आहे ती फक्त जाळी. या नियमावर मी कालची रात्र घालवली. समज, एक लहान मुलगी रोज जिन्याने पळत लिफ्टशी शर्यत लावते. तिला जिंकू द्यायचं तर तो काय करेल? जाळी लावायला थोडा उशीर करेल. कुणीतरी येतंय असं दाखवून क्षणभर थांबेल. संवाद एकही नको. जिन्यावरची पावलं आणि जाळीचा खडखडाट, बस. मग एके दिवशी लिफ्ट वर जात असताना पावलं मधेच थांबतात. हा माणूस आयुष्यभर दाराशी बसला, दाराबाहेर कधी पडलाच नाही. आता त्याला कुणीही बटण न दाबलेल्या मजल्यावर लिफ्ट थांबवून, स्टूल सोडून, जिना उतरावा लागेल. पडद्यावर रिकामं स्टूल. मला वाटतं, त्याचं आकाशात उडणं ते हेच.

हे तू जसंच्या तसं घेऊ नकोस. मुलगी तुला पटली नाही तर दुसरं कुणी शोध. फक्त जे घडेल ते त्या जाळीमुळे आणि त्या माणसामुळेच घडू दे.

रंगांचं आत्ता बघू नकोस. आधी हाताच्या अंगठ्याएवढ्या चौकटींत थंबनेल्स, म्हणजे इवलीशी कच्ची चित्रं काढ, भरपूर काढ, फेकताना जीव तुटणार नाही इतक्या भराभर. मग स्टोरीबोर्डची, म्हणजे शॉटवार गोष्ट सांगणारी चित्रं, प्रत्येक पडद्यावर जितका वेळ राहील त्या हिशेबाने ओळीने मांडून, तोंडानेच आवाज काढून अॅनिमॅटिक, म्हणजे फिल्मचा कच्चा आराखडा कर. माझं पहिलं अॅनिमॅटिक 4 मिनिटं 10 सेकंदांचं होतं. एका मैत्रिणीला दाखवलं आणि काही न समजावता तिच्याकडे बघत बसलो. तिची नजर जिथे जिथे पडद्यावरून सुटली, ते सगळं काढलं. अडीच मिनिटं उरली. काढलेल्यात माझा सर्वांत आवडता शॉट होता, खिडकीतल्या पावसाचा. त्याची आजही आठवण येते, पण फिल्मला त्याची गरज नव्हती.

ढगांतल्या राज्याची तुझी चित्रं सोबत परत पाठवतोय, जपून ठेव. ती वाया गेलेली नाहीत, ती दुसऱ्या कुणाची तरी आहेत.

महिनाअखेरपर्यंत अॅनिमॅटिक पाठव, कच्चं असलं तरी चालेल. पावलं कुठल्या मजल्यावर थांबतात ते मात्र आधी सांगू नकोस. ते मला ऐकायचंय.

तुझाच,
म्हातारीवाला